वस्तीची संख्या शून्य

“मग गेली सहा वर्षं मी कुणाला इंजेक्शनं देतेय, बाई?”

नर्सने जनगणनेचं जाडजूड पुस्तक काउंटरवर उघडून धरलं होतं आणि तिचं बोट एका शून्यावर टेकलं होतं. पलीकडे बसलेल्या बाईंना खरं तर हसू आलं. लोक येत, आमच्या गावची माणसं कमी भरली म्हणून भांडत, आणि शेवटी आपलंच गणित चुकलेलं पाहून खाली मान घालून जात. बाईंनी तीस वर्षं हेच पाहिलं होतं.

कार्यालयात त्यांना सगळे मशीन म्हणत. त्यांनाही ते मनातून आवडे. फॉर्मवर लोकांनी दिलेलं उत्तर वाचायचं आणि शेजारी लाल पेन्सिलीने त्याचा कोड लिहायचा, हे त्यांचं काम. बाकीचे दिवसाकाठी दोनशे फॉर्म उरकत, बाई तीनशे. निवृत्तीला आता दोन महिने उरले होते. आयुष्यात एकदाही ‘काम तपासून द्या’ असा शेरा खाल्ला नाही, हे त्या भाजीवालीलाही सांगायच्या.

नर्सचं म्हणणं साधं होतं. डोंगरापलीकडे मूळनिवाशांची एक वस्ती आहे, ती स्वतः तिथलीच. तीनशे मूळनिवाशांमागे एक नर्स आणि दवाखान्याची एक फिरती गाडी, असा सरकारी नियम. दीड वर्षापूर्वी नवी योजना आखताना नियोजनवाल्यांनी हे पुस्तक उघडलं. वस्तीच्या नावापुढे मूळनिवासी शून्य. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना वस्ती बघायला जायची गरज कशाला पडेल? गाडी दुसरीकडे धाडली. आता महिनाअखेर नर्सचं पदही रद्द होणार होतं, आणि मग वस्तीला सुई टोचायलाही कुणी उरणार नव्हतं.

“चला, मूळ फॉर्मच दाखवते,” बाई म्हणाल्या. तिची एकदा खात्री पटली की जाईल घरी, असा त्यांचा हिशेब होता.

तळघरातल्या दप्तरखान्यात गठ्ठा लगेच सापडला. बाईंनी दोरी सोडली, पहिला फॉर्म काढला आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

जमातीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात जमातीचं नाव होतं. पण ते सरकारी यादीतलं नव्हतं. यादीतलं नाव शेजारपाजारच्यांनी कधीकाळी हिणवून ठेवलेलं, आणि वस्तीने घरटी एकमुखाने आपलं स्वतःचं सांगितलं होतं. त्याच्या शेजारी लाल पेन्सिलीने नव्व्याण्णव. नव्व्याण्णव म्हणजे इतर. दुसऱ्या फॉर्मवर नव्व्याण्णव, तिसऱ्यावर नव्व्याण्णव. आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात बाईंचीच छोटी सही.

यादीत नसलेलं नाव आलं की साहेबांना चिठ्ठी पाठवून विचारायचं, असा नियम होता. पण उत्तराला दोन दिवस लागत, तोवर गठ्ठा अडकून पडे आणि दिवसाचा आकडा घसरे. म्हणून त्या खोलीत कुणीच चिठ्ठी पाठवत नसे. सगळे इतर लिहीत. बाई तर सगळ्यांत भराभर लिहीत. इतरमधली माणसं मूळनिवाशांत धरली जात नाहीत, हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं. पण त्या रकान्यापलीकडे कुणी आजारी पडतं, बाळंत होतं, हे एकदाही मनात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची किळस आली.

“हे मी केलंय,” त्या म्हणाल्या.

नर्स वाकून पुढचे फॉर्म एकेक करून बघू लागली. बाईंना वाटलं, हिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं. यंत्रातला दोष म्हणून टाकू, समिती बसेल, वर्षभरात काहीतरी होईल, तोवर तुम्ही निरोपाचं भाषण तयार करा, असं ते समजुतीने म्हणाले. बाईंनी विचारलं, लगेच काय होऊ शकतं? लगेच एकच होतं. कोड देणाऱ्याने चूक लेखी कबूल केली तर शुद्धिपत्र याच आठवड्यात निघतं. पण असं आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं, आणि लिहिणाऱ्याच्या सेवापुस्तकात ते कायमचं राहतं.

“द्या तो शुद्धिपत्राचा फॉर्म,” बाई म्हणाल्या.

साहेबांच्या टेबलावरच दोघींनी मिळून गठ्ठा मोजला. तीनशे बारा माणसं भरली. म्हणजे गाडी परत येणार होती. मोजताना नर्सचं बोट मधूनच एखाद्या ओळीवर थांबत होतं. बाईंनी का ते विचारलं.

“ही आता नाहीत. गाडी गेल्यावर गेलेली. माझी जाऊ यातच आहे.”

गणनेच्या दिवशी होती ना, मग आकड्याला धक्का नाही, असं साहेब घाईने म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

शुद्धिपत्रात शेवटचा रकाना होता: चुकीमुळे झालेला परिणाम. तिथे निरंक लिहायची पद्धत असल्याचं साहेबांनी सांगितलं. बाईंनी पेन उचललं आणि नर्सला विचारलं, “किती?”

“आठ.”

बाईंनी ‘मृत्यू, आठ’ असं लिहिलं. नर्स तो आकडा बघत राहिली.

“जावेचं बाळ होतं,” ती म्हणाली. “चार दिवस जगलं. ते या फॉर्मात नाही, नंतरचं आहे. कुठंच मोजलेलं नाही त्याला.”

साहेब म्हणाले, गणनेनंतर जन्मलेलं धरता येत नाही.

बाईंनी आठ खोडून नऊ केले आणि खाली पूर्ण सही केली.