तीन बोटं

“तीन बोटं? तीन बोटं कोण दाखवतं?” लेनी बाहुली उलटीसुलटी करत म्हणाला.

आम्ही स्टेडियमच्या दारात उभे होतो आणि लोक रांगेने एकेक खोकं उचलून आत जात होते. खोक्यात माझा नवरा लेनी होता. वीतभर उंचीचा, स्प्रिंगवर मान डोलावणारा, जुन्या बेसबॉल संघाचा सदरा घातलेला, चेहऱ्यावर बावळट हसू आणि हवेत वर केलेली तीन बोटं. पायाशी लिहिलं होतं, ‘किती बाद?’

“गंमत आहे हो काका,” टकर म्हणाला. टकर म्हणजे आमच्या गावच्या क्लबचा नवा मॅनेजर, आमच्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. “त्या झेलाची आठवण! सगळी तिकिटं संपली बघा, तुमच्या नावावर!”

याच पोराने फोनवर सांगितलं होतं की लेनी गाव्रोनचा सन्मान करायचाय, सामन्याआधीचा मानाचा पहिला चेंडू तुम्हीच टाका. त्या दिवसापासून लेनी गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारत होता आणि मी त्याच्या खांद्याला मलम चोळत होते. मी म्हटलं, “अरे, जवळून टाकायचा असतो तो. महापौरसुद्धा टाकतो, त्याला कुठे येतं काय?” तर म्हणाला, “मी पार लांबून, मधल्या मैदानातून टाकणार, आयरीन. थेट फलंदाजामागच्या कॅचरच्या हातात. हा हात कसला होता ते एकदा बघू दे की लोकांना.”

हात होताच तसा. आमच्या नदीकाठी पोरं शाळा सुटली की पोलादाच्या कारखान्यात जायची, लेनी मात्र त्या हाताच्या जोरावर बाहेर पडला. उमेदीची वर्षं छोट्या गावांच्या संघांतून खेळला, बसमध्ये झोपला, आणि केस मागे हटायला लागले तेव्हा कुठे मोठ्या संघाने वर बोलावलं. एका उन्हाळ्यापुरतं. लांबच्या मैदानात तिघे उभे असतात, त्यांतला मधला तो. किती बाद झाले ते दोन्ही बाजूंच्या गड्यांना बोटांनी दाखवायचं काम मधल्याचं. एक बाद असेल तर एक बोट. दोन असतील तर तर्जनी आणि करंगळी, म्हणजे लांबून नीट दिसतं. तीन कुणी दाखवत नाही, कारण तीन झाले की डाव संपतो आणि सगळे आत पळतात.

त्या दुपारी शेवटच्या डावात बरोबरी होती. लेनीने डावीकडे एक बोट दाखवलं, उजवीकडे एक बोट दाखवलं. मी प्रेक्षकांत होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मग चेंडू उंच उडाला, आणि पाठमोरा धावत, भिंतीला अंग खरचटवत त्याने असा झेल घेतला की समोरच्या संघाची माणसंही उठून उभी राहिली. एवढं मोठं स्टेडियम आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासाठी ओरडत होतं. त्याचं भान सुटलं. त्याला वाटलं, डाव संपला. चेंडू त्याने भिंतीपलीकडच्या एका बाईकडे फेकला, टोपी काढली आणि हसत चालायला लागला. बाद दोनच झाले होते. चेंडू गर्दीत गेला की धावणाऱ्याला दोन बेस, म्हणजे धावेच्या चार टप्प्यांतले दोन, फुकट मिळतात. समोरच्यांचा दुसऱ्या बेसवरचा गडी रमतगमत आला आणि जिंकायची धाव करून गेला.

आठवड्याभरात लेनीला पुन्हा खाली धाडलं. नंतर कुणी बोलावलं नाही. इथे येऊन त्याने बेकरीची गाडी चालवली, आणि दारोदार लोक विचारायचे, “काय लेनी, किती पाव? मोजता येतात ना?” तो हसायचा. मला कधी हसता आलं नाही.

“हे बघा काका,” टकर म्हणाला, “तुम्ही मध्ये उभे राहायचं. माइकवरून विचारतील, किती बाद? लोक ओरडतील, तीन! की तुम्ही चेंडू दिला गर्दीत भिरकावून. नुसता दंगा होईल!”

“मी कॅचरकडे टाकणार होतो.”

“अहो, ते कोण बघणार?”

मी लेनीचा दंड धरला. “चल घरी. खड्ड्यात गेला यांचा सन्मान.”

“आलोय तर जाऊन येतो,” तो म्हणाला आणि बाहुली माझ्या हातात देऊन गेला.

मधल्या मैदानापर्यंत चालायला त्याला वेळ लागला. क्लबचा संघ आपापल्या जागी उभा होता. कॅचर हातमोजा काखेत मारून कुणाशी तरी गप्पा मारत होता. चेंडू इकडे येणार आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माइकवरून प्रश्न आला आणि अख्खं स्टेडियम ओरडलं, “तीन!”

लेनी बराच वेळ कॅचरकडे बघत राहिला. मग त्याने डावीकडे वळून एक बोट वर केलं. उजवीकडे वळून एक बोट वर केलं.

लोक हसून हसून बेजार झाले. माझ्या मागे बिअर पीत बसलेला एकजण म्हणाला, “म्हाताऱ्याला अजून मोजता येत नाही!”

“तुझ्या बापाला येत होतं का रे?” मी म्हटलं.

डावीकडचा गडी गुडघ्यांवर हात टेकून हसत होता. उजवीकडचा मात्र च्युइंगगम चघळत असताना सवयीनेच एक बोट वर करून मोकळा झाला. समजलं, एक बाद. या खेळातल्या लोकांत तसं उत्तर द्यायचं असतं. लेनीने त्याच्याकडे बघून मान डोलावली. “फेक! फेक!” असा गिल्ला चालला होता, आणि लेनी चेंडू मुठीत धरून परत निघाला. टकर धावत आला. “काका, निदान चेंडू तरी फेका ना!” लेनीने तो कोटाच्या खिशात घातला.

घरी आल्यावर त्याने कोट खुंटीला लावला. एक खिसा खाली ओघळला होता. बाहुली मी येताना पार्किंगमधल्या कचऱ्याच्या पिंपात टाकली होती, आणि तिच्याबद्दल त्याने विचारलं नाही.

“खांद्याला मलम लावू?” मी म्हटलं.

“कशाला?” लेनी म्हणाला. “टाकलाय कुठे?”

मी मलमाच्या डबीचं झाकण परत लावलं.