पाचवी: पट एक, हजर एक

बुधवार, १८ जून. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गोदी शाळेत आली आणि पाचवीच्या पुनर्परीक्षेला बसली. पेपर सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. तिची आई हिराबाई त्या वेळी शाळेच्याच स्वयंपाकखोलीत खिचडीचे तांदूळ निवडत होती. मुलगी घरी आहे, अशी तिची समजूत होती. सकाळी निघताना तिने तसं बजावलंही होतं.

हिराबाई या शाळेत सहा वर्षं स्वयंपाक करते. शाळा पाड्यावरची, जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी. दोन खोल्या, एक शिक्षक. तांदूळ धुवायला ती बाहेर आली तेव्हा वर्गाच्या दाराशी चपलांचे चार जोड होते. परीक्षेला तीनच मुलं बसणार होती. चौथा जोड जांभळा होता. तो तिने होळीच्या आधी मोखाड्याच्या बाजारातून गोदीसाठी आणला होता.

ती दारापर्यंत गेली नाही. पाणी ओतून आत आली आणि चूल पेटवली.

एप्रिलच्या परीक्षेत पाचवीतली चार मुलं नापास झाली होती. गोदी एकाच विषयात, परिसर अभ्यासात. पन्नासपैकी अकरा गुण, सवलतीचे पाच धरून सोळा. पास व्हायला अठरा लागतात. पेपरात चार पिकांची चित्रं होती आणि खाली नावं लिहायची होती. गोदीने लिहिलं: भात, नागली, तूर, खुरासणी. वरून आलेल्या उत्तरसूचीत होतं: भात, नाचणी, तूर, कारळे. पिकं तीच, पण दोन गुण गेले.

पेपर भावेश गुरुजींनी तपासला. ते जव्हारकडचेच. निकालाच्या दिवशी हिराबाईने त्यांना विचारलं, "गुरुजी, तुमच्या डब्यात भाकर कशाची असते?"

"नागलीची."

"मंग?"

"हिराबाई, उत्तरसूचीत नागली नाही. मी गुण दिले आणि वरच्यांनी पेपर पुन्हा तपासला, तर माझ्यावर येईल."

"म्हंजे पोरीला येतं, तुम्हाला येतं, कागदाला येत नाय."

गुरुजी हसले. पण गुण तेवढेच राहिले.

मे महिन्यात नापास मुलांच्या चौघी आयांनी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाकडे अर्ज केला. दोन गुण द्यावेत, आणि एका पेपरावरून मुलांना मागे ठेवू नये. गुरुजी म्हणाले, असला अर्ज मी लिहून दिलेला बरा दिसणार नाही. म्हणून हिराबाईने सांगितला आणि गोदीने लिहिला. दीड पान. नागली हा शब्द त्यात सात वेळा आला. ठरलं असं की उत्तर येईपर्यंत एकीनेही पोर पुनर्परीक्षेला बसवायचं नाही. बसवलं, तर आधीचं चुकलं असं आपणच कबूल केल्यासारखं होईल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघींनी सह्या मागे घेतल्या. तिसरी चंदा, शेजारचीच. सही काढून ती अंगणात येऊन उभी राहिली.

"काय गो हिरा, भाकर भाजली की एकच ना? लिहू दे नाचणी आणि हो मोकळी."

"एकदा त्यांनी लिहावं नागली."

"ते बसलेत तुझ्यासाठी लिहायला! माझ्या कमूची आश्रमशाळेतली जागा जाईल. तुला काय, तुझी पोर घरीच बसेल भाकऱ्या थापत."

हिराबाईचा नवरा रघु भिवंडीला गोदामात कामाला आहे. त्याने फोनवर सांगितलं, "टेन्शन कशाला लेतीस? देऊ दे एक पेपर. सब देतात." त्यानंतर तिने हा विषय त्याच्याशी काढला नाही.

सहावी या शाळेत नाही. पाचवी पास झालेली मुलं बावीस किलोमीटरवरच्या आश्रमशाळेत जातात. गेल्या वर्षी चौथीत एकही मूल नव्हतं, त्यामुळे यंदा पाचवीत नवं कोणी आलेलं नाही. जो मागे राहील, तो वर्गात एकटा.

हे गोदीने कोणी न सांगता मोजलं असावं.

बुधवारी पेपर सुटल्यावर मुलं ताटं घेऊन रांगेत आली. गोदी शेवटची होती. हिराबाईने पळी भरली.

"किती?"

"रोजच्याएवढी."

दोघींचं त्या दिवशीचं बोलणं एवढंच झालं. पुनर्परीक्षेत तोच प्रश्न चित्रांचा क्रम बदलून आला होता, हे हिराबाईला चंदाकडून कळलं. कमूने नाचणी लिहिलं होतं. गोदीने काय लिहिलं ते कमूला दिसलं नव्हतं.

सोमवारी निकाल आला. तिघं पास. गोदीच्या नावापुढे शेरा होता: अर्ज प्रलंबित, निकाल राखीव. तिची उत्तरपत्रिका पाकिटात बंद करून ठेवली होती.

मंगळवारी हिराबाई जीपने तालुक्याच्या कार्यालयात गेली. टेबलावर नीता मॅडम होत्या. त्यांनी फाइल काढली.

"मुलगी बसली ना परीक्षेला? मग अर्जात राहिलं काय? मागे घेतला असं लिहून द्या. लगेच निकाल कळवू."

"ती बसली. अर्ज माझा आहे."

"चौघींचा होता. आता एकीचाच उरला."

"एकीचा चालत नाय का?"

"चालतो. वेळ लागतो." मॅडमनी पान उलटलं. "अक्षर छान आहे. कोणी लिहिला?"

"जिला नापास केलं तिनं."

मॅडमनी वर पाहिलं, मग एक कोरा कागद तिच्याकडे सरकवला. आश्रमशाळेतली जागा तीस तारखेपर्यंतच राहील, असं त्यांनी सांगितलं. हिराबाईने कागदाची घडी केली आणि पिशवीत ठेवला.

तो कागद तिने घरी कणगीवर ठेवला. गोदीने तो पाहिला, पण तीन दिवस काही विचारलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी ती पेन घेऊन आली.

"आये, लिहायचं का?"

हिराबाई भाकरी थापत होती. "पेपरात काय लिहिलंस?"

"पाकीट उघडलं की कळेल."

"मला आता सांग."

गोदी पेनाला टोपण लावून उठली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. हिराबाईने भाकर तव्यावर टाकली.

शनिवार, २८ जून. सकाळी साडेसातच्या जीपने कमू आणि दुसरी दोन मुलं आश्रमशाळेला गेली. ट्रंका टपावर बांधल्या होत्या. गोदी नाक्यापर्यंत गेली आणि तिथूनच शाळेत आली. भावेश गुरुजींनी फळ्यावर हजेरी लिहिली. शेवटची ओळ होती: इयत्ता पाचवी, पट १, हजर १.

जागा सोमवारपर्यंत आहे. कणगीवरचा कागद शनिवारी दुपारी शाळा सुटेपर्यंत कोराच होता.