भावकूची थाप

मी एक धोंडा बोलतोय. दचकू नका, आणि हातही जोडू नका. हात जोडणाऱ्यांचा मला भारी कंटाळा आला आहे.

वडगाव मागं टाकून येळ्ळूरच्या वाटेला लागलात की एक उजाड माळ येतो. त्याच्या चढावर मी उभा आहे. दोन पुरुष उंच, काळा, आणि पुढच्या अंगाला पोट सुटलेला. जन्म कधीचा ते ठाऊक नाही. बाप म्हणावं तर मागचा डोंगर. त्यानं कधीतरी मला वरून खाली लोटून दिलं आणि पुन्हा चौकशी केली नाही. तेव्हापासून मी एकटा. शेजाराला करवंदीची एक जाळी आहे, पण तिचा स्वभाव काटेरी.

वाटेनं जाणारी माणसं मला टेकून बिडी ओढत, माझ्या आडोशाला नको ते उरकून घेत, आणि घरी कुणावर चिडली की म्हणत, "नुसता धोंडा हाय!" माझी लायकी त्यांनी परस्पर ठरवून टाकली होती. माझ्यावर चढून बघावं असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

ते आलं तिघांच्या. भावकू आणि मष्णू येळ्ळूरचे, शेतकऱ्यांची पोरं, तालमीत घुमलेली. तिसरा शामू, वडगावचा विणकर. शामूची मावशी येळ्ळुरात राहायची, तिच्याकडं येता-जाता दोस्ती जमली. शिमगा झाला, उन्हं चांगली तापू लागली, आणि एका रविवारी तिघं करवंदं बघायला माळावर आले. करवंदं अजून कच्ची होती. रिकाम्या हातानं परत काय जायचं म्हणून भावकू माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्येच्यावर कोण चढंल रं?"

तिघंही चढायला लागले आणि तिघंही आपटले. पुढच्या रविवारी पुन्हा आले.

मग ते व्यसनच लागलं. शिमग्यापासून मिरगापर्यंत दर रविवारी सकाळी तिघं हजर. येताना भाताचं पिंजर, म्हणजे सुकं काड, कोंबलेली दोन पोती आणायची आणि माझ्या पायाशी टाकायची, म्हणजे पडलं तरी हाडं शाबूत. मष्णूच्या कनवटीला चुलीतल्या राखेची पुरचुंडी असे. तळवे घामेजले की राख चोळायची, म्हणजे पकड सुटत नाही. दहाच्या पुढं मी तव्यासारखा तापायचो, तेव्हा माझ्याच सावलीला बसून भाकरी सोडायची. भाकऱ्या भावकूच्या आईच्या, रुक्माबाईच्या हातच्या. शामूच्या वाट्याची एक तिनं न विसरता जास्त घातलेली असायची.

एकदा वाटेनं जाणारा एक म्हातारा थांबून बघत राहिला.

"वर काय हाय रं?"

"काय न्हाय," मष्णू म्हणाला.

"मग चढताय कशाला?"

"काय न्हाय ते बघाय."

म्हातारा कपाळावर हात मारून निघून गेला. मला मात्र इतकं हसू आलं होतं की अंगावरचा एखादा टवका उडायचा.

खरं सांगतो, मला ते आवडायचं. कुणी आपल्याला इतक्या बारकाईनं हात लावून ओळखून घेतं, हे सुख धोंड्याच्या नशिबी कुठून? माझी कुठली कपार धरवते, कुठली दगा देते, कुठं पायाचा अंगठा रुततो, हे त्या तिघांना पाठ झालं होतं. त्यातही शामूचे हात मला वेगळे कळायचे. मागावर तुटलेला धागा चिमटीत धरून सांधायची सवय त्या बोटांना. ती माझ्यावर तशीच फिरायची, हळू आणि नेमकी.

पण शामू वर पोचत नव्हता. माझ्या पोटापर्यंत सगळे यायचे. तिथं डावा हात एका धारेवर रोवायचा आणि उजवा पोटावरून वर टाकायचा. वर एक खाच आहे, चार बोटं जेमतेम मावतील एवढी, आणि खालून ती दिसत नाही. भावकू उंच, त्याचा हात आपसूक पडायचा. मष्णू नुसत्या ताकदीवर उसळी घ्यायचा. शामू बुटका. तो हात टाकायचा, चाचपडायचा आणि पोत्यावर यायचा.

"मागल्या अंगानं ये की," मष्णू म्हणायचा. माझी पाठ उतरती आहे, तिकडून कुणीही येईल.

"तिकडनं तर शेरडंबी चढत्यात," शामू म्हणायचा आणि कपडे झटकायचा.

त्याचा हट्ट मला समजायचा. त्याचा माग खड्ड्यातला. आठवड्याचे सहा दिवस कमरेइतक्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा, आणि दिवसभर लुगड्याच्या काठाशिवाय दुसरं काही बघायचं नाही. त्याला एकदा स्वतःच्या हातापायांनी उंचावर यायचं होतं, बस्स. सहा उन्हाळे तो पडत होता.

मग लढाई सुरू झाली. भावकूनं पलटणीत नाव घातलं. निघायच्या आधीच्या दिवसांत तो म्हणाला, "शामू, खाच तुला दिसत न्हाय म्हणून तुझा हात भिरभिरतोय. मी खूण करून देतो." शामूनं सूत रंगवायचा तांबडा रंग मडक्यातनं आणला. भावकू वर चढला, माथ्यावर पालथा पडला, रंगात हात बुडवला आणि वरून खाली वाकून माझ्या पोटावर, खाचेच्या बरोबर खाली, थाप मारली. पाची बोटं उमटली. तीनच दिवसांत वळीव कोसळला आणि सगळं धुऊन गेलं.

पुढच्या रविवारी शामूनं शक्कल लढवली. रंगात गोडं तेल कालवून आणलं.

"आता महापूर येऊ दे," मष्णू म्हणाला.

भावकूनं पुन्हा थाप मारली. वरूनच ओरडला, "हितं ध्येन ठेव रं शामू! माझ्या हाताच्या चार बोटं वर खाच हाय. दिसत न्हाय, पर हाय. मी येईन तवा तू वर बसलेला दिसलं पायजेस!"

"बसतो की," शामू म्हणाला. "तू ये तर."

तांबडा रंग, तेल आणि धोंडा. आपल्या मुलखात ही तीन एकत्र आली की पुढं काय होतं ते शेंबड्या पोरालाही कळतं. ह्या तिघा शहाण्यांना कळलं नाही. त्यांच्या लेखी मी देव-बीव काही नव्हतो. मी त्यांचा धोंडा होतो.

भावकू गेला. मष्णूला निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम मिळालं, तोही गेला. शामू एकटाच येऊ लागला. एकट्यानं पोतं टाकायचं, एकट्यानं पडायचं. हसायला कुणी नाही, हात द्यायला कुणी नाही. एका रविवारी पोतं चुकवून पडला आणि घोटा मुरगळला. लंगडत, बसत, पुन्हा उठत तो वाटेला लागला, आणि त्याला आधार द्यायला मला जागचं हलता येईना. त्या वर्षी तो परत आला नाही.

त्याच पावसाळ्यात म्हशी राखणाऱ्या बाळाबाईची एक म्हैस हरवली. शोधून शोधून दमली आणि पाऊस चुकवायला माझ्या पोटाखाली उभी राहिली. वर बघते तर तांबडा पंजा. तेलकट, भर पावसात न धुपलेला. बाईनं तिथंच लोटांगण घातलं. "देवा, माझी म्हस दे!" आता म्हैस आपल्या पायांनी संध्याकाळी गोठ्यात आली, तर त्यात माझा काय दोष? आठ दिवसांत नारळ फुटला. महिन्याभरात नाव ठरलं, थापोबा. थाप ह्या शब्दाचा दुसरा अर्थही कुणाच्या डोक्यात आला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दर मंगळवारी माणसं यायची. लांब काठीला चिंधी बांधून भावकूच्या पंजावर, बोटाबोटावर, शेंदूर चढवायची आणि काठीला बांधलेल्या पळीनं माथ्यावरून तेल ओतायची. ते ओघळून थेट त्या खाचेत साठायचं. पुढल्या उन्हाळ्यात शामू आला, तर माझ्यापुढं दहा-बारा माणसं. त्यानं बाह्या सारल्या तसा एकजण अंगावर धावून आला. "देवावर पाय देतोस व्हय रं?" शामू काहीतरी सांगू पाहत होता, पण ऐकून घेणार कोण? तो आल्या वाटेनं परत गेला. पुढं दरसाल चैत्रात एकदा यायचा, लांब उभा राहायचा, माझ्याकडं बघायचा.

तुम्ही म्हणाल, एवढी गर्दी झाली, मग एकटेपणा कसला? अहो, गर्दी पायथ्याशीच थांबायची. पूर्वी मला टेकणारेही आता टेकेनात. कुणी पाठ लावीना, कुणी शिवी देईना. सगळे डोळे मिटून उभे राहायचे. माझ्याकडं बघणारं कुणी उरलंच नाही.

लढाई संपली. गावोगावचे जवान परतले. भावकू परतला नाही.

गेल्या चैत्रात, रविवारीच, शामू सकाळी लवकर आला. माळावर कुणी नव्हतं. केसांत थोडी पांढरी आली होती. पोतं आणलं नव्हतं, पण राखेची पुरचुंडी होती. तो आधी माझ्या पाठीवरून वर आला, पालथा पडला, आणि खाचेतलं तेल राखेनं घासून घासून काढलं. भांडं घासावं तसं. भावकूच्या पंजाला धक्का लावला नाही. मग खाली उतरला, तळव्यांना राख चोळली आणि पुढून चढायला लागला.

किती वर्षांनी ती बोटं माझ्यावर फिरत होती! एकही कपार तो विसरला नव्हता. पोटापर्यंत आला. डावा हात धारेवर रोवला. उजवा हात वर टाकला, तो भावकूच्या पंजावर पडला आणि तिथंच टिकला. आता फक्त चार बोटं वर. मला कळत होतं, आज हा पोचणार. उभ्या जन्मात मी कुणासाठी इतका जीव टाकला नव्हता.

"शामू! उतर रं बाबा!"

रुक्माबाई होती. मंगळवारची गर्दी सोसत नाही म्हणून ती हल्ली अशी आडवारी यायची. हातात तेलाची वाटी, चढ चढून धाप लागलेली.

"देवाला पाय लावू नगंस. माझा नवस हाय."

शामू तसाच चिकटून राहिला. एक उसळी, आणि तो वर गेला असता. त्यानं हात काढून घेतला आणि एकेक कपार धरत खाली आला.

"काकू, ही थाप..."

"थापोबाचीच की. लई जागृत हाय." ती पुढं झाली आणि काठीची चिंधी तेलात बुडवून पंजाच्या करंगळीवर फिरवू लागली. "ह्येची करंगळी बघ कशी वाकडी हाय. आमच्या भावकूवानी. म्हणून तर मला ह्यो आपल्यातला वाटतो."

शामू तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"सरकारचा कागद आलाय. सापडंना म्हणत्यात. बाळाबाईची म्हस आणून दिली ह्येनं. मुकं जनावर. माझा ल्योक तर बोलता-चालता हाय. त्येला वाट सापडंल का न्हाय? तूच सांग."

"सापडंल की, काकू."

"मग हात जोड. तुझाबी दोस्तच हाय त्यो."

मला वाटलं, हा आता सांगेल. इथं दोघांनाच तर ठाऊक होतं, त्याला आणि मला. मष्णू निपाणीत, तो काही येत नव्हता. पण शामूनं राखेनं माखलेले हात एकमेकांना जोडले. सहा उन्हाळे ज्या हातांनी मला घट्ट धरलं, ते हात त्या दिवशी एकमेकांनाच भेटले. डोळे मिटून तो पुटपुटला, "आण रं त्येला."

मला 'रं' म्हणणारा तो शेवटचा माणूस, आणि त्यानंही माझ्याकडं मागणं मागितलं.

आता तो दर रविवारी येतो. रुक्माबाईच्या दंडाला धरून तिला चढ चढवतो, खाली चपला काढतो, तेल घालतो, तिला घेऊन परत जातो. वर कधी बघत नाही. मी मात्र दिवसभर वाटेकडं बघत असतो. कुणी उंच माणूस लांबून येताना दिसला की मला वाटतं, हा त्याच्यासारखाच चालतोय. जवळ येतो तेव्हा तो दुसराच कुणी असतो. उगाच देव झालो. खराच असतो तर बरं झालं असतं.

तुम्ही त्या वाटेनं जाल तेव्हा रविवार असेल, तर ती दोघं तुम्हाला भेटतील. त्यांना एवढं सांगा, की हा नुसता धोंडा आहे, ह्याच्या हातात काही नाही.

नको. राहू द्या. सांगू नका.