सोळा नंबरचा मुक्काम

धरणाकाठच्या सरकारी मुक्काम-तळावर तीस दिवसांत चौदा दिवसांच्या वर कुणी राहायचं नाही, हा नियम ओपल ट्रॅस्कला तोंडपाठ होता. असायलाच हवा! तळाची राखण करायची, संडास धुवायचे, मुक्कामाला आलेल्यांच्या पावत्या बघायच्या आणि त्या बदल्यात स्वतःचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, तिथे फुकटात उभा करायचा, असं तिचं सहा वर्षं चाललं होतं. दुसरं घर तिला नव्हतं.

सोळा नंबरच्या जागेवर नेवा आणि ऑर्विल हे जोडपं उतरलं होतं. घर विकून दोघं नऊ वर्षं ट्रेलर घेऊन हिंडत होती. आता ऑर्विलला यकृताचा कॅन्सर, अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. गावातली नर्स एक दिवसाआड येऊन दुखणं दाबणाऱ्या मॉर्फिनचं बघून जायची. बाराव्या दिवशी सकाळी नेवाने ओपलला नळावर गाठलं.

"अगं, नर्स म्हणते आठवडा, फार तर दहा दिवस. इथून हललो तर आम्हाला परवडणारा पुढचा तळ राज्याच्या हद्दीपलीकडे. तिथे ही नर्स यायची नाही. ऑफिसात एक शब्द टाक ना आमच्यासाठी."

"टाकते की. त्यात काय एवढं!"

तळावर देखरेख करणारा सरकारी अधिकारी, रेंजर, त्याच दुपारी आला. गेल्या वर्षी एका कुटुंबासाठी ओपलने अशीच रदबदली केली होती, तेव्हा याच बाबाने तिला चारचौघांत झापलं होतं. 'तू राखणदार आहेस, मालकीण नाहीस. जमत नसेल तर दुसरी बघू.' ते तिला आठवलं.

"काय, सगळं ठीक?" त्याने गाडीतूनच विचारलं.

"ठीक," ती म्हणाली. झालं! गाडी निघून गेली.

संध्याकाळी तिने नेवाला सांगितलं, "नाही म्हणाले गं."

"मेले कुठले," नेवा म्हणाली आणि सामान आवरायला लागली.

चौदाव्या दिवशी दोघींनी ट्रेलर गाडीला जोडला आणि ऑर्विलला उचलून मागच्या सीटवर निजवलं. तेवढ्यातही त्या माणसाची जीभ गप्प बसेना. "ओपल, आजाराने नाही मेलो तर हिच्या ड्रायव्हिंगने नक्की मरतो बघ." ओपल हसली. हसताना तिला स्वतःची किळस आली.

मग सोळा दिवस बाहेर काढून, नियमाला धरून, नेवा परत आली. एकटीच.

"सहाव्या दिवशी गेला," गाडीतून न उतरताच ती म्हणाली. "तिकडची नर्स कागदपत्रं झाल्याशिवाय येईना. मॉर्फिनची बाटली तिसऱ्या दिवशी संपली. दवाखान्यात न्यायचं नाही अशी शपथ घातली होती त्याने मला. तीन दिवस ओरडत होता गं. शेजारच्यांनी आपला ट्रेलर काढून लांब नेला."



नेवाने पर्समधून कागद-पेन काढलं. "तू निदान विचारलंस तरी. मी वर पत्र लिहिणार आहे. नाही म्हणाला तो कोण? नाव सांग मेल्याचं."

रेंजरचं नाव सांगून मोकळं होणं सोपं होतं. ते ओपलच्या ओठांवर आलंसुद्धा.

"मी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"कुणी नाही म्हणालंच नाही, नेवा. माझी जागा जाईल म्हणून मी घाबरले. लिहायचं तर माझं नाव लिही."

  नेवाने पेनचं टोपण लावलं आणि गाडी चालू केली.

"मला एकटीला ट्रेलर मागे घेऊन जागेवर लावता येत नाही," ती म्हणाली. "मागे उभी राहून हात दाखव. आणि तोंडातून शब्द काढू नकोस."