खिडकीकडची खाट

“लोकुम मी खाल्लं नाही! माझ्या आईच्या हाडांची शपथ, खाल्लं नाही!”

कप्तान इसिदोरोस उशीवर कोपर टेकवून ओरडत होता आणि डॉक्टर फीवोस त्याच्या खाटेशेजारच्या कपाटाचे खण एकेक करून उघडत होता. निघालं काय, तर चष्मा, हातात खेळवायची मण्यांची माळ, आणि चुलतभावाच्या मयताची खबर देणारा, गावभर चिकटवतात तसला कागद. तो कुणीतरी विजेच्या खांबावरून काढून आणून दिला होता. लोकुमच काय, कुठलीच मिठाई कणभरही सापडली नाही.

“काल दुपारी चारशे बारा. रात्री तीनशे साठ. आज सकाळी तीनशे दहा,” डॉक्टर म्हणाला. “साखर काय वाऱ्यावरून येते, कप्तान?”

“मला काय विचारतोस? डॉक्टर तू आहेस. काल माझा भाऊ गेला, दिवसभर माझ्या घशाखाली घास उतरला नाही, आणि तू माझे खण हुडकतोस. त्यात हा कागद, त्याचं नाव तेच माझं! ‘इसिदोरोस वाम्वाकास, वय चौऱ्याऐंशी.’ सकाळपासून माझ्या घरी सात फोन. बायको प्रत्येकाला सांगतेय, माझा अजून आहे, पण हार आणलाच असेल तर ठेवून जा.”

डॉक्टरला हसू आवरलं नाही. अथेन्सचा पोरगा, अठ्ठावीस वर्षांचा, बेटावरच्या सक्तीच्या नोकरीचे आठ महिने झालेले. त्याने केसपेपर ओढला आणि सकाळच्या इन्सुलिनचा सव्वीसचा आकडा खोडून अडतीस लिहिला.

“आणि ही तुमची सिस्टर,” कप्तान अजून थांबला नव्हता. “काल सकाळी मला सुई टोचायलाही आली नाही. मी म्हटलं, मयताआधीच सुट्टी दिली वाटतं.”

डॉक्टरने केसपेपर त्याच्यासमोर धरला. “मंगळवार, साडेसात, सव्वीस युनिट. खाली सही. आर्गिरोबाईंची चौतीस वर्षं नोकरी झालीय, कप्तान. त्या विसरत नाहीत. तुम्ही विसरता.”

“सही असेल. सुई नव्हती.”

आर्गिरो म्हणजे मी. ट्रे घेऊन दोघांच्या मागे उभी होते. डॉक्टर निघून गेला आणि माझी नजर खिडकीकडच्या रिकाम्या खाटेवर गेली. काल सकाळी सुई मी दिली होती. त्या खाटेवर दिली होती.

म्हातारा इसिदोरोस वाम्वाकास म्हणून एक होता. त्याला पाच मुलगे. आजोबांचं नाव चालवायचं म्हणून पाचांनीही आपापल्या थोरल्याला इसिदोरोस केलं, तेव्हा एके काळी आमच्या गावात पाच इसिदोरोस वाम्वाकास हिंडत होते. कागदावर त्यांना बापाच्या नावाने ओळखायचं, गावात धंद्याने. त्यांतले दोनच उरले होते. एक बोटीवरचा, त्याला सगळे कप्तान म्हणतात. बाप कोस्तिस, साखरेचा जुना रोगी, पायाला जखम. दुसरा पावाचा भट्टीवाला; बाप मिखालिस, छातीत कफ, हृदय थकलेलं. सोमवारी माझी सुट्टी होती, त्या दिवशी दोघेही आले आणि बायकांच्या आग्रहामुळे एकाच खोलीत राहिले. कप्तानाला खिडकीकडची एक नंबरची खाट मिळाली. भट्टीवाल्याला दम लागत होता, म्हणून रात्री कप्तानाने आपली खाट त्याला दिली. वारा लागेल, बंदर दिसेल. ही गोष्ट कागदावर कुणी चढवली नाही.

मंगळवारी सकाळी मी सुई घेऊन आत गेले. केसपेपरवर नाव इसिदोरोस वाम्वाकास, खाट एक. खाटेवर भट्टीवाला. आता तुम्ही म्हणाल, तोंड झाकलेलं असेल, ओळखलं नसेल. चांगलं ओळखलं. लहानपणापासून मी त्याच्याच भट्टीचा पाव खाल्लाय. मला वाटलं, साखर भट्टीवाल्याला आहे. इतकंच. “इसिदोरोस?” मी विचारलं. “मीच,” तो म्हणाला. बनियन वर केलं, पोटाची चिमूट धरली, सव्वीस युनिट दिले, सही केली. बापाचं नाव विचारलं नाही. एवढ्या ओळखीच्या माणसाला बाप कोण म्हणून काय विचारायचं?

आठवड्यातून दोन दुपारी मी नर्सिंगच्या शाळेत शिकवते. अकरा वर्षं झाली. माणूस कोण, औषध कोणतं, किती, कुठून, केव्हा. पाच बोटांवर पाच प्रश्न. नाव तुम्ही सांगायचं नाही, त्याला सांगू द्यायचं. आणि बापाचं नाव कानावर पडल्याशिवाय सुईचं टोपण काढायचं नाही. एका पोरीने परीक्षेत चारच प्रश्न लिहिले म्हणून मी तिला नापास केलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

औषधांच्या खोलीत जाऊन मी अडतीस युनिट भरले. हात आपोआप चालत होते. बाटली उलटी, हवेचा बुडबुडा बाहेर, आकडा डोळ्यांसमोर. मग मी सुई तशीच धरून उभी राहिले. काल दहा वाजता भट्टीवाल्याच्या बायकोने, कालियोपीकाकूने, मला दारातून हाक मारली होती. “घाम फुटला बघ, पोरी. ताप उतरतोय.” मी आत वाकून बघितलं. कपाळ ओलं, मान ओली. “उतरू दे, काकू. बनियन बदला,” म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले. पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ठाऊक असतं: इन्सुलिन जास्त झालं की घाम येतो, भूक लागते, मग झोप येते. ग्लासभर साखरपाणी नाहीतर पावाचा तुकडा, दहा मिनिटांत माणूस डोळे उघडतो. पण त्याची साखर कोण तपासणार? कागदावर त्याला साखर नव्हतीच, आणि मी तो घाम तापाचा धरला. एक वाजता तो झोपेतच गेला. डॉक्टरने हृदय लिहिलं आणि सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं होतं.

मला रडू आलं नाही. काहीच वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं, एवढं कळत होतं. नळाखाली हात धुतले आणि धुतल्यावर परत धुतले.

हातातले अडतीस युनिट मात्र तिथेच होते. कप्तानाची साखर चढली ती कालची सुई चुकली म्हणून. त्याला आज अडतीस दिले असते, तर दुपारपर्यंत दुसरा इसिदोरोसही घामाघूम झाला असता. मी सुई वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकली आणि डॉक्टरच्या खोलीत गेले.

उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रात्रपाळीचा अहवाल द्यावा तसं बोलले.

तो बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिला. “मग सव्वीसच देऊ,” शेवटी म्हणाला. “कप्तानाचा प्रश्न मिटला.”

“आणि भट्टीवाल्याचा?”

“आर्गिरोबाई, चौऱ्याऐंशी वर्षं. फुप्फुसं भरलेली. हृदय असं. तो आठवडाभरात गेलाच असता.”

“गेला असता?”

“बहुतेक.”

“बहुतेक,” मी म्हटलं.

“निवृत्ती कधी आहे तुमची?”

“पाच महिन्यांनी.”

“मग कशाला हात दाखवून अवलक्षण?” तो आता जवळजवळ विनवत होता. “हे कागदावर आलं तर मला सरकारी वकिलाला फोन करावा लागेल. चार वाजता त्याला पुरायचाय. पुरता येणार नाही. बोटीनं पलीकडे न्यायचा, फाडायचा, आठ दिवसांनी शिवून परत आणायचा. त्या म्हातारीला हे हवंय? कुणाचं भलं होणार आहे यात?”

भट्टीवाल्याचं नाही, काकूचं नाही, माझं तर नाहीच. पण केसपेपर माझ्या हातात होता आणि त्यावरची सही खोटी होती. मी तो टेबलाच्या कडेला ठेवून सहीवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं: ‘हा डोस चुकून इसिदोरोस मिखालिस वाम्वाकास यांना दिला.’ तारीख, वेळ, नाव. अक्षर नेहमीसारखंच आलं.

डॉक्टरने वाचलं. “दोन वाजता तुमची ड्यूटी संपते. अडीचपर्यंत मी फोनला हात लावत नाही,” तो म्हणाला. “कुणाकडून तरी कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे.” त्या पोराबद्दल मी इथे वाईट लिहिणार नाही.

सव्वीस युनिट घेऊन कप्तानाकडे गेले. आधी सांगितलं, मग सुई काढली.

“म्हणजे लोकुम मी खाल्लं नव्हतं,” तो म्हणाला.

“नव्हतं.”

“खाट मीच दिली त्याला. तो नको म्हणत होता.”

“खाटेमुळे नाही झालं, कप्तान. मी विचारलं नाही म्हणून झालं.”

“आता कसं सोपं केलंस, पोरी,” तो म्हणाला आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. तसंच बनियन वर करून पोट माझ्याकडे ठेवलं. मी बापाचं नाव विचारलं. तो भिंतीशीच म्हणाला, “कोस्तिस.” मी टोचलं.

दोन वाजता गणवेश बदलून मी वरच्या आळीत गेले. भट्टीवाल्याच्या घराच्या खिडक्या बंद होत्या. दारालगत बाहेर शवपेटीचं झाकण उभं करून ठेवलेलं, मयत निघेपर्यंत ठेवतात तसं. अंगणात शेजारचे चार बाप्ये सिगारेटी ओढत होते, बाहेरच्या खोलीत पेटीभोवती बायका. मी वाकून त्याच्या कपाळाला ओठ लावले. कपाळ कोरडं होतं. एकीने माझ्या हातात ब्रँडीचा पेला दिला, दुसरीने खुर्ची ओढली. “आर्गिरोनं खूप केलं हो त्याचं,” कुणीतरी म्हणालं. मी काकूला म्हटलं, आत चला, बोलायचंय.

स्वयंपाकघरात ती स्टुलावर बसली. मी दार लावून घेतलं आणि सकाळी डॉक्टरला सांगितलं त्याच शब्दांत सांगितलं. सुई कप्तानाची होती. ती मी तुमच्या माणसाला दिली. त्यामुळे तो गेला असणार. आज त्याला पुरता येणार नाही. हे मी कागदावर लिहिलंय. मला तुम्ही हवं ते बोला.

ती टेबलावरच्या प्लॅस्टिकची सुरकुती अंगठ्याने सपाट करत बसली.

“घाम त्या सुईचाच होता?” तिने विचारलं.

“हो.”

“आणि मी बनियन बदलत बसले.”

“मीच सांगितलं होतं बदला म्हणून.”

“त्यानं पाव मागितला होता,” काकू म्हणाली. “तू येऊन गेल्यावर. तीन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही, आणि तोंड उघडलं ते पावासाठी. मला इतका आनंद झाला, पोरी! पिशवीत होता, घरचाच. मी म्हटलं, आता साडेबाराला गरम सूप येईल, पावानं भूक मारू नकोस. तर पुन्हा मागितला. मी दटावलं. मग झोपला.”

बाहेर कुणीतरी खोकलं.

“माझ्या बहिणीला साखर आहे,” ती म्हणाली. “तिला घाम सुटला की पोरं तोंडात काहीतरी कोंबतात. पाव, साखर, हाताला लागेल ते.” मग पहिल्यांदाच तिने माझ्याकडे सरळ बघितलं. “दिला असता तर उठला असता का गं?”

“नाही, काकू,” मी म्हटलं. “पावानं काही झालं नसतं.”

“खरं सांगतेस?”

“खरं सांगते.”

तिने मान हलवली. टेबलाला धरून उठली, डोक्यावरचा काळा रुमाल ठीक केला आणि दार उघडून अंगणात गेली. मी मागोमाग गेले.

“आज नाही न्यायचा त्याला,” तिने बाप्यांना सांगितलं. “पाद्रीबाबांना कळवा. काय झालं ते आर्गिरो सांगेल.”

चौघांनीही माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. तिसऱ्यांदा, त्याच शब्दांत. एकाने सिगारेट विझवली, मग दोघांनी दारालगतचं झाकण दोन टोकांना धरून उचललं. ते आत नेताना अडत होतं, म्हणून दाराची दुसरी फळी उघडून मी धरून ठेवली.