पायरीवरची खाच

नातीला समुद्रकाठच्या त्या जुन्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा मी म्हटलं, मीही येते. तुझ्या पणजोबांची खूण दाखवते.

टेकड्यांमागच्या आमच्या गावातून माझे वडील रोज पहाटे तिथल्या भोजनगृहात दूध पोचवत. भरलेल्या किटल्या उचलवत नसत, म्हणून बुडाच्या कडेवर फिरवत दगडी पायरीवरून नेत. तीस वर्षांत पायरीला खाच पडली.

बस गावावरून गेली. आमच्या कुरणावर आता विद्यापीठाचं ग्रामजीवन अभ्यास केंद्र आहे. गाय एकही नाही.

खाच मात्र जागेवर होती. भोवती मखमली दोर, समोर गाईड.

"चारशे वर्षं इथे तत्त्वज्ञांनी येरझाऱ्या घातल्या. विचारांच्या ओझ्याने दगड झिजला!"

लोकांनी माना डोलावल्या.

"ओझं दुधाचं होतं," मी म्हटलं. "माझ्या वडिलांच्या किटल्या."

"आजी, पुस्तिकेत छापलंय."

"आजी, चल ना," नात कुजबुजली. मागे तिची नवी मैत्रीण उभी होती. "सगळे बघतायत."

गाईडचं मला काही वाटलं नाही. हिचं लागलं.

ब्याद टळावी म्हणून गाईडने मला पुस्तिका लिहिणाऱ्या प्राध्यापकांच्या खोलीत नेलं. नात दारातच थांबली.

"पुरावा?" प्राध्यापकांनी विचारलं.

"खाच सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे जाते. तत्त्वज्ञ रोज तिकडे कशाला जातील?"

"तत्त्वज्ञांनाही भूक लागते, आजीबाई."

उत्तर बिनतोड होतं. मग त्यांना माझी दया आली असावी. "फार तर तळटीप देऊ. 'एका वृद्धेच्या मते' अशी. वडिलांचं शिक्षण?"

"दुधात कधी पाणी घातलं नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. दारातून नातीचं फिस्सकन हसू आलं. माझ्यावर की त्यांच्यावर, कळेना.

बाहेर पुढची तुकडी जमली होती. गाईड विचारांच्या ओझ्यापर्यंत आला, तशी मैत्रिणीने नातीला विचारलं, "खरंच गं, तत्त्वज्ञ?"

"छे! माझे पणजोबा. दूध घालायचे इथे." आवाज गाईडच्या वर गेला.

"म्हणजे तत्त्वज्ञ तुमचं दूध प्यायचे?"

"मग! नाहीतर विचार कुठून सुचले असते?"

तुकडी हसली. गाईडने आम्हाला शांत राहायला सांगितलं. मी तर पहिल्या किटलीपासून सांगायला सुरुवात केली.