दुभाषीबाई

"मावशी, काय म्हणाले काका?" संघटनेच्या तरुण सचिवाने विचारलं. सभागृहातले सगळे दुभाषीबाईंकडे बघत होते.

बाई अजून काकांकडेच बघत होत्या.

तीस वर्षं त्या हेच काम करत आल्या होत्या. थोरले काका आपल्या जमातीच्या भाषेत बोलायचे, बाई ते सरकारी भाषेत अधिकाऱ्यांना सांगायच्या. डोंगर आमचा आहे, खाणीला देणार नाही. साहेब बदलले, वाक्य तेच राहिलं. दरम्यान पोरं शाळा शिकली, शहरात कामाला लागली. काकांच्या बरोबरीचे एकेक करून गेले. आता काकांचं बोलणं आपल्याच पोरांना सांगायला बाई लागत होत्या.

आज खाणीच्या करारावर मतदान होतं. सभा अर्धी इकडे, अर्धी तिकडे. काका म्हणतील तसं करू, असं ठरलं होतं. आणि काका काठी टेकत उठून म्हणाले होते, "मी दमलो. पोरांना डोंगर नको, काम हवं. करा सह्या. फक्त आपली माणसं पुरलीत ती उतरण सोडा."

"मावशी?"

'नाही द्यायचा म्हणतात.' एवढं म्हटलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. काकांनाही नाही. या डोंगरापायी बाईंचा नवरा दोनदा तुरुंगात गेला, तिथेच खंगला. तोही त्याच उतरणीवर होता.

"काका म्हणतात, ते दमलेत," बाई म्हणाल्या. शेवटपर्यंत त्यांनी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

हात भराभर वर गेले. बाईंचे मांडीवरच राहिले.

"उतरणीचं कंपनीशी बोलून बघू," सचिव कागद गोळा करत म्हणाला.

"बोलून बघू नाही. लिही. आत्ता, माझ्यासमोर."

"अहो मावशी, मसुदा छापून झालाय..."

"मग हाताने लिही."

त्याने लिहिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं, मग काकांना त्यांच्या भाषेत सांगितलं. काकांनी मान डोलावली.

सभा पांगली. खुर्च्या एकात एक रचल्या जाऊ लागल्या.

"सगळं सांगितलंस ना त्यांना?" काकांनी विचारलं.

"सगळं."

"बरं केलंस पोरी."

मग काका गुडघ्यांबद्दल, झोपेबद्दल, असंच काहीबाही बोलत राहिले. बाईंना घरी जायला उशीर होत होता. त्यांनी एक खुर्ची परत मागून घेतली आणि त्यांच्याजवळ बसल्या. त्या गेल्या असत्या, तर काकांशी बोलायला तिथे कुणीच उरलं नसतं.